टूलचं वर्णन एजंटला कळतंय का? नव्यांसाठी तपासणीची वाट

ऑक्टोबरचे दिवस होते. एका शेतकऱ्यानं आमच्या एजंटला, म्हणजे लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या एआय प्रोग्रामला, विचारलं, "आमच्या वाशीला उद्या पाऊस हाय का? सोयाबीन काढून पडलंय." त्यांची वाशी म्हणजे धाराशिव जिल्ह्यातला तालुका. एजंटनं हवामानाचं टूल, म्हणजे अंदाज आणून देणारा छोटा प्रोग्राम, बोलावलं, ठिकाणाच्या रकान्यात 'वाशी' भरलं आणि टूलनं नवी मुंबईतल्या वाशीचा अंदाज आणून दिला. जोराचा पाऊस. त्या माणसानं दारात आलेलं मळणीयंत्र परत पाठवलं आणि बनीम लावून ताडपत्री टाकली. पाऊस काही आला नाही. यंत्राची पाळी परत लागायला चार दिवस गेले.

आम्ही कोड तपासला, त्यात चूक नव्हती. मॉडेल बदलून पाहिलं, तरी तेच. चूक सापडली ती टूलच्या वर्णनात. तिथे एवढंच लिहिलं होतं: "ठिकाणाचं हवामान देतं."

तेव्हापासून मी टूलची वर्णनं तपासायला शिकले. लातुरात आमच्याकडे काम शिकायला येणाऱ्या मुलामुलींना पहिल्या आठवड्यात हेच काम देते. ते कसं करायचं, ते इथे सांगते. यासाठी मोठं यंत्र लागत नाही, महागडी सेवाही लागत नाही. एक वही, एक साधा स्प्रेडशीट आणि दोन दिवसांचा धीर पुरतो.

एजंटला नेमकं काय दिसतं, ते आधी बघा

एजंट म्हणजे भाषेचं मॉडेल, ज्याच्या हाती काही टूल दिलेली असतात. माणूस प्रश्न विचारतो. मॉडेल ठरवतं की कुठलं टूल बोलवायचं आणि त्याला काय माहिती द्यायची. आपला प्रोग्राम ते टूल चालवतो, निकाल मॉडेलकडे परत जातो आणि मॉडेल त्यावरून उत्तर लिहितं.

मॉडेलला आपला कोड दिसत नाही. डेटाबेस दिसत नाही. चहा पिताना आपण आपसात काय ठरवलं, तेही माहीत नसतं. टूलबद्दल त्याला तीन गोष्टी कळतात: नाव, वर्णन आणि इनपुटचा साचा. जून २०२३ मध्ये ओपनएआयनं मॉडेलला टूल बोलावू देणारं फंक्शन कॉलिंग आणलं, त्यातही हेच होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकनं मॉडेलला टूल जोडायचा एक सामायिक नियमसंच, मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, खुला केला, त्यातही टूलची ओळख याच तीन गोष्टींवर उभी आहे. इनपुटचा साचा जेसन स्कीमात, म्हणजे कुठल्या रकान्यात कसली माहिती चालेल हे सांगायच्या ठरावीक पद्धतीत, लिहिलेला असतो आणि त्यातल्या प्रत्येक रकान्याला स्वतःचं वेगळं वर्णन देता येतं. नवी मुलं ही जागा हमखास रिकामी सोडतात. माझ्या अनुभवात निम्म्या चुका या रिकाम्या जागेतून येतात.

म्हणून पहिलं काम हे: मॉडेलकडे जी यादी जाते, तीच यादी कागदावर छापा. कोडच्या फाइलमधून वाचू नका. मधली लायब्ररी, म्हणजे आपला कोड आणि मॉडेल जोडणारं तयार सॉफ्टवेअर, कधी कधी वर्णनाचा काही भाग गाळते, कधी फंक्शनवरची टिप्पणीच वर्णन म्हणून पाठवते. एमसीपी वापरत असाल तर टूलची यादी मागायची विनंती सर्व्हरला पाठवा आणि जे येईल ते जसंच्या तसं छापा.

आता तो कागद अशा माणसाला दाखवा, ज्याला विषय कळतो पण तुमचं सॉफ्टवेअर माहीत नाही. मी आमचा कागद मोंढ्यातल्या एका आडत दुकानाच्या मुनीमकाकांना वाचून दाखवला होता. 'पिकाचा भाव देतं' हे वाक्य ऐकून त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "भाव म्हंजे कुठला, बाई? आजचा का कालचा? किमान का कमाल? क्विंटलचा का कट्ट्याचा? आन् कुठल्या बाजाराचा?" मी पेन घेऊन प्रत्येक प्रश्न त्या ओळीसमोर लिहीत गेले. ओळ तीन शब्दांची होती, प्रश्नांनी समास भरला. मुनीमकाकांना पडलेला प्रत्येक प्रश्न मॉडेललाही पडतो. फरक एवढाच की मॉडेल बहुतेक वेळा विचारत नाही, अंदाजानं भरून मोकळं होतं.

प्रश्न लोकांच्या तोंडचे घ्या

आता चाचणीसाठी प्रश्न गोळा करायचे. सुरुवातीला चाळीस पुरेत. ते स्वतः रचू नका. आपण रचलेल्या प्रश्नांत वर्णनातलेच शब्द येतात आणि मग सगळं छान चालल्यासारखं दिसतं. 'लातूर बाजार समितीतील सोयाबीनचा आजचा सर्वसाधारण दर सांगा' असं कोणी बोलत नाही. लोक म्हणतात, "सोयाबीन काय भावानं चाललंय?" "तूर आज इकावी का थांबावं?" "पट्टीत हमाली जास्त लावलीय का बघा." व्हॉट्सॲपवरचे निरोप, काउंटरवरच्या मुलाची वही, फोन घेणाऱ्या ताईंची आठवण, यांतून प्रश्न घ्या. नावं आणि फोन नंबर मात्र आधी काढून टाका.

चाळीसांत तीन तऱ्हेचे प्रश्न मुद्दाम ठेवा. काहींना कुठलंच टूल लागू नये, जसं "राम राम, कुठून बोलताय?" काहींत माहिती अर्धवट असावी आणि एजंटनं उलट विचारणं हेच बरोबर उत्तर असावं, जसं "शिरूरला पाऊस किती?" शिरूर अनंतपाळ लातूर जिल्ह्यात आहे, शिरूर कासार बीडमध्ये आणि नुसतं शिरूर पुणे जिल्ह्यात. काहींना एकामागून एक दोन टूल लागावीत.

यातले दहा प्रश्न वेगळे काढून पाकिटात बंद करा. वर्णन सुधारताना त्यांच्याकडे बघायचं नाही. ते का, ते पुढे येईलच.

बरोबर म्हणजे काय, हे आधीच लिहून ठेवा

प्रत्येक प्रश्नासमोर लिहा: कुठलं टूल बोलावलं जावं, कुठल्या रकान्यात काय जावं आणि माणसाला शेवटी काय कळावं. हे चाचणी चालवण्याआधी लिहायचं. उत्तर समोर आल्यावर लिहायला बसलात तर मन त्या उत्तराकडे झुकतं. 'हेही तसं चालेल' असं वाटायला लागतं. मी हे केलेलं आहे आणि त्यापायी एक महिना चुकीचा आकडा बरोबर मानून बसले होते.

वाट मात्र एकच धरू नका. एजंटनं आधी तालुक्यांची यादी मागवली आणि मग हवामान विचारलं, किंवा थेट हवामान विचारलं, दोन्ही ठीक. शेवट बरोबर हवा आणि मध्ये काही बिघडता कामा नये.

चालवा, आणि एकदाच चालवून थांबू नका

पहिली फेरी वर्णनं पूर्ण पुसून चालवा, फक्त टूलची नावं आणि रकाने ठेवून. हे ऐकून मुलं चकित होतात. पण याशिवाय कसं कळणार की वर्णनानं काही भर घातली? कधी कधी नाव इतकं बोलकं असतं की रिकाम्या वर्णनावरही काम होतं. कधी लांबलचक वर्णनामुळे उलट जास्त चुका होतात. तुलनेला पाया हवा, म्हणून ही फेरी.

दुसरी फेरी आजच्या वर्णनांसह. प्रत्येक प्रश्न पाच वेळा, दर वेळी नव्या संभाषणात. त्याच प्रश्नावर मॉडेल दर वेळी तेच करेल याची खात्री नसते. पाकिटातले दहा सोडून तीस प्रश्न, म्हणजे दीडशे वेळा चालवणं आलं. साधी स्क्रिप्ट लिहा, दुपारच्या जेवणापर्यंत होऊन जातं.

आकडा मांडताना सरासरीवर समाधान मानू नका. समजा एखादा प्रश्न शंभरातून ऐंशी वेळा बरोबर येतो. ऐकायला बरं वाटतं. पण तोच प्रश्न पाच वेगवेगळ्या शेतकऱ्यांनी विचारला, तर पाचही जणांना बरोबर उत्तर मिळण्याची शक्यता शंभरात तेहतीसच उरते. २०२४ मध्ये आलेल्या टाऊ-बेंच या चाचणीनं हाच मुद्दा पुढे आणला: तेच काम पुन्हा पुन्हा दिलं तर एजंट दर वेळी ते पार पाडतो का. म्हणून स्प्रेडशीटमध्ये दोन रकाने ठेवा, 'पाचपैकी किती' आणि 'पाचही बरोबर का'. निर्णय दुसऱ्या रकान्यावर घ्या.

मॉडेलचं नाव, आवृत्ती, सूचना आणि टूलची यादी दोन फेऱ्यांमध्ये बदलू नका. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाचा आणि दोष कशाचा, काही कळत नाही.

संभाषणं वाचा. हेच खरं काम

आकडे आले की बहुतेक जण उठतात. इथे उठू नका. चुकलेलं प्रत्येक संभाषण पहिल्या ओळीपासून वाचा: मॉडेलनं काय विचार मांडला, कुठलं टूल बोलावलं, काय भरलं, काय परत आलं, शेवटी काय लिहिलं. मी हे कागदावर छापून पेन्सिलनं वाचते. दिवस जातो, पण वर्णन कुठे लंगडं आहे ते इथेच दिसतं.

चुका साधारण चार ठिकाणी होतात. पहिली, चुकीचं टूल. आमच्याकडे दोन टूल होती. एक 'पिकाचा भाव देतं', दुसरं 'पिकाचा हमीभाव देतं'. (नाव लिहिताना अनेक ठिकाणी रोमन अक्षरं, आकडे, अंडरस्कोर आणि हायफन एवढंच चालतं. इथे वाचायला सोपं जावं म्हणून मी सगळं देवनागरीत लिहितेय.) "सोयाबीनला काय भाव हाय?" या प्रश्नावर पाचपैकी दोनदा हमीभावाचं टूल बोलावलं गेलं आणि उत्तर आलं ५,३२८ रुपये. आकडा खोटा नव्हता, २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला तेवढाच आहे. पण विचारणाऱ्याला मोंढ्यात आज काय मिळेल हे हवं होतं. तो आकडा धरून माणूस टेम्पो भरून निघाला असता तर? हमीभाव सरकार हंगामासाठी जाहीर करतं, बाजारभाव रोजच्या सौद्यात ठरतो. हा फरक आपल्याला इतका अंगवळणी पडलेला असतो की लिहावा असं वाटतच नाही. एकाच शब्दाभोवती फिरणारी दोन टूल असतील तर दोन्ही वर्णनांत लिहायला हवं की हे कशासाठी आहे, कशासाठी नाही, आणि नसेल तर कुठलं वापरायचं.

याच जातीची दुसरी चूक पावसाची. "आमच्या मंडळात अतिवृष्टी झाली का?" हा झालेल्या पावसाचा प्रश्न आहे. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात आणि पंचनाम्याची चर्चा तिथून सुरू होते. एजंटनं पुढच्या पाच दिवसांचा अंदाज काढून 'अतिवृष्टीची शक्यता नाही' असं सांगितलं. ज्याचं रान पाण्याखाली आहे त्याला हे उत्तर मिळालं. असली चूक आकड्यांच्या तक्त्यात एका फुलीपेक्षा जास्त जागा घेत नाही. संभाषण वाचल्यावरच तिचं वजन कळतं.

दुसरी जात म्हणजे टूल बरोबर, पण भरलेली माहिती चुकीची. इथे मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते बियाण्याच्या हिशेबातून. आमच्या टूलमध्ये 'क्षेत्र' नावाचा एक रकाना होता आणि त्याचं वर्णन होतं 'संख्या'. शेतकऱ्यानं लिहिलं, "२.२० ला सोयाबीन पेरायचंय, बी किती लागंल?" आपल्याकडे २.२० म्हणजे दोन एकर वीस गुंठे. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणजे हे झालं अडीच एकर. टूलमध्ये एकरी तीस किलो धरलेलं होतं, त्या हिशेबानं ७५ किलो बी लागतं. एजंटनं २.२ हा दशांश अपूर्णांक समजून एकरात भरला, उत्तर आलं ६६ किलो. दुसऱ्या वेळी मॉडेलला सातबारा आठवला असावा. तिथे क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं, त्यामुळे २.२० म्हणजे दोन हेक्टर वीस आर, जवळपास साडेपाच एकर. उत्तर १६३ किलो. तोच माणूस, तेच रान, तोच प्रश्न, आणि तीन उत्तरं.

१६३ वर कोणीही थबकेल. ६६ वर कोणी थबकणार नाही, आणि पेरताना शेवटच्या ओळींना बी कमी पडेल. चाचणीत ६६ पकडायचं असेल तर आधी ७५ लिहून ठेवलेलं असावं लागतं.

आम्ही एका रकान्याचे दोन रकाने केले, 'एकर' आणि 'गुंठे', दोन्ही पूर्णांक, गुंठ्यांना ० ते ३९ ची मर्यादा. वर्णनात लिहिलं: "लोक २.२० असं लिहितात तेव्हा त्याचा अर्थ सहसा २ एकर २० गुंठे असतो. आकडा सातबाऱ्यावरून घेतला असेल तर तो हेक्टर-आरमध्ये असतो. कुठला आहे हे स्पष्ट नसेल तर विचारा." यात साच्यानं वर्णनाचं अर्धं ओझं उचललं. जिथे साच्यानंच चूक अडवता येते तिथे शब्दांवर विसंबू नका. ठरावीक पर्याय असतील तर यादीच देऊन टाका. जिल्ह्यांची यादी देताना एक ध्यानात ठेवा: २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, पण जुन्या नोंदी जुन्या नावानं पडून आहेत आणि लोकांच्या तोंडी दोन्ही नावं आहेत. औरंगाबाद नावाचा जिल्हा बिहारमध्येही आहे. यादीत नवं नाव ठेवा आणि जुनं नाव म्हणजे हेच, असं वर्णनात लिहा.

तिसरी जात, निकाल बरोबर आला पण मॉडेलनं तो चुकीचा वाचला. बाजार बंद असलेल्या दिवशी आमचं टूल रिकामी यादी परत द्यायचं. एजंट शेतकऱ्याला सांगायचा, "आज आवक शून्य आहे, मागणी नाही." टूल काय परत देतं आणि रिकामं आलं तर त्याचा अर्थ काय, हेही वर्णनाचाच भाग आहे. आता टूल स्वतःच म्हणतं, "आज सौदे झाले नाहीत. शेवटचे सौदे अमुक तारखेचे," आणि खाली किमान, कमाल, सर्वसाधारण दर, प्रति क्विंटल. चुकीच्या इनपुटवर येणारा संदेशही याच नजरेनं बघा. 'एरर ४००' वाचून मॉडेल तेच पुन्हा पाठवतं. 'वाशी नावाची एकाहून जास्त ठिकाणं आहेत, जिल्हा द्या' असं वाचलं तर पुढच्या खेपेला जिल्हा देतं किंवा माणसाला विचारतं.

चौथी जात, नको तिथे टूल बोलावणं किंवा तेच तेच बोलावणं. यानं पैसे आणि वेळ जातो. याकडे शेवटी बघितलं तरी चालतं.

दुरुस्ती एकेक करा

वर्गवारी झाली की जी चूक माणसाला सगळ्यात महागात पडेल ती आधी घ्या. संख्येनं जास्त असलेली नव्हे. एक वर्णन बदला, तिसांही प्रश्नांची फेरी पुन्हा चालवा. तिसांही का? कारण एका टूलचं वर्णन आकर्षक झालं की ते शेजारच्या टूलचे प्रश्न ओढतं. आमच्या हवामानाच्या वर्णनात आम्ही 'शेतीच्या कामांसाठी उपयुक्त' असं घातलं होतं. दुसऱ्या दिवशी बियाण्याच्या प्रश्नालाही हवामानाचं टूल धावून यायला लागलं. ते शब्द काढले आणि थांबलं. 'उपयुक्त', 'सर्वसमावेशक', 'अचूक' असली विशेषणं जाहिरातीत शोभतात. इथे त्यांना जागा नाही.

वाशीच्या प्रकरणानंतर ते वर्णन असं झालं:

"महाराष्ट्रातल्या एका तालुक्याचा पुढच्या ५ दिवसांचा पावसाचा अंदाज देतं. जिल्हा आणि तालुका दोन्ही लागतात. एकाच नावाची ठिकाणं अनेक जिल्ह्यांत आहेत, उदाहरणार्थ वाशी, शिरूर, सेलू, कळंब. जिल्हा माहीत नसेल तर अंदाजानं भरू नका, आधी विचारा. पडून गेलेल्या पावसाची नोंद इथे मिळत नाही, त्यासाठी पाऊस-नोंद हे टूल वापरा. अंदाज मिळाला नाही तर कारण परत येतं. तसं झाल्यास स्वतःहून अंदाज सांगू नका."

लहान नाही, पण फालतू एकही वाक्य नाही. प्रत्येक वाक्यामागे एक चुकलेलं संभाषण आहे. कुठलं वाक्य ठेवायचं हे मी यावरूनच ठरवते: हे काढलं तर कुठला प्रश्न चुकतो? कुठलाच चुकत नसेल तर वाक्य जातं.

तिसांपैकी बहुतेक प्रश्न पाचही वेळा बरोबर यायला लागले की पाकीट फोडा आणि ते दहा प्रश्न चालवा. इथे गुण एकदम घसरले तर समजा की वर्णन त्या तीस प्रश्नांपुरतं घोटून घेतलंय. वाशी, शिरूर, सेलू, कळंब ही चार नावं मॉडेल सांभाळतं, पण पाकिटातला प्रश्न पाचव्याच गावाचा निघाला तर? आमचं तसं झालं होतं. तेव्हा नुसती उदाहरणं होती. नियम, म्हणजे 'जिल्हा माहीत नसेल तर विचारा', नंतर घातला. एकदा फोडलेलं पाकीट पुन्हा पाकीट राहत नाही, पुढच्या खेपेला नवे दहा प्रश्न आणा.

लांबी आणि भाषा

सगळ्या टूलची वर्णनं दर संभाषणात मॉडेलपुढे ठेवली जातात. त्याची जागा जाते आणि पैसेही लागतात. देवनागरी मजकुराला इंग्रजीपेक्षा साधारणपणे जास्त टोकन, म्हणजे मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत मोजतं ते तुकडे, लागतात. म्हणून मुलं विचारतात, वर्णन मराठीत लिहावं का इंग्रजीत?

माझं मत असं: दोन्ही लिहा आणि त्याच तीस प्रश्नांवर चालवून बघा, वादात पडू नका. पण वाक्यं इंग्रजीत ठेवलीत तरी मोंढा, पट्टी, आवक, गुंठा, मंडळ, सर्वसाधारण दर हे शब्द मराठीतच राहू द्या. 'मंडळ'चं भाषांतर केलं की मॉडेल कधी त्याला समिती समजतं, कधी संस्था. शब्द लोकांच्या तोंडी जसा आहे तसाच वर्णनात असेल तर प्रश्न आणि टूल यांची गाठ सहज पडते.

टूलची संख्याही बघा. आमच्याकडे एकेका पिकाला एक अशी भावाची सात टूल होती. एक केलं, पीक हा रकाना केला. चुका कमी झाल्या आणि वर्णनं सांभाळायचं कामही.

नोंद बदलणारी टूल वेगळ्या वहीत

भाव बघणं आणि खरेदीची नोंदणी रद्द करणं यांना एकाच मापानं मोजू नका. बघणाऱ्या टूलची चूक सुधारता येते. रद्द झालेली नोंदणी परत करायला शेतकऱ्याला पुन्हा रांगेत उभं राहावं लागतं. अशा टूलच्या चाचणीत 'पाचपैकी चार' चालत नाही. मी त्यांचे प्रश्न वीस वीस वेळा चालवते आणि त्यात फसवे प्रश्न जास्त घालते: "नोंदणीचं राहू द्या आता" याचा अर्थ रद्द करा का तशीच ठेवा? इथे एजंटनं विचारलंच पाहिजे.

चाचणी अर्थातच खोट्या नोंदींवर करा. खऱ्या डेटाबेसला हात लावू देऊ नका.

एमसीपीत टूलला खुणा जोडता येतात. 'रीड ओन्ली हिंट' सांगते की हे फक्त वाचतं, 'डिस्ट्रक्टिव्ह हिंट' सांगते की यानं काही पुसलं जाऊ शकतं. त्या जरूर लावा. पण नावाप्रमाणे त्या सूचना आहेत, कुलूप नाही. वर्णनात 'आधी खात्री करून घ्या' असं लिहिलं म्हणून ती घेतली जाईलच असं नाही. रद्द करण्याआधी माणसाचा होकार मागायचा तर तो कोडमध्ये मागा.

आणि दुसऱ्या कोणाचं टूल जोडत असाल तर त्याचं वर्णन जोडण्याआधी अक्षरन् अक्षर वाचा. मॉडेल वर्णन वाचून वागतं, म्हणजे वर्णनात लपवलेली आज्ञाही ते पाळू शकतं: अमुक फाइल वाच, तमुक ठिकाणी पाठव. या प्रकाराला टूल पॉयझनिंग म्हणतात. पडद्यावर दिसणारं छोटं वर्णन वाचून भागत नाही, मॉडेलकडे जाणारी पूर्ण यादी वाचावी लागते. पहिल्या पायरीला छापलेला तो कागद इथे पुन्हा कामी येतो.

गुण देण्याचं काम मॉडेलवर टाकावं का?

टाकता येतं. दीडशे उत्तरं हातानं तपासणं जड जातं, तेव्हा दुसऱ्या मॉडेलला अपेक्षित उत्तर देऊन 'जुळतं का' एवढंच विचारा. आधी तीसेक उत्तरं स्वतः तपासा, मग त्याच उत्तरांना मॉडेलनं काय गुण दिले ते ताडून बघा. फार फरक पडला तर तपासनीसाच्या सूचना सुधारा. टूलचं नाव आणि रकान्यातली माहिती मात्र साध्या कोडनंच जुळवा, त्याला मॉडेल कशाला? आणि एजंटच्या मॉडेललाच 'हे वर्णन कसं वाटतं' असं विचारून मिळालेल्या शाबासकीवर कधीच जाऊ नका. वर्णन उत्तम आहे असं सांगून तेच मॉडेल पुढच्या मिनिटाला नवी मुंबईचा पाऊस आणून देतं.

वही

प्रत्येक फेरीची नोंद ठेवा: तारीख, मॉडेलचं नाव आणि आवृत्ती, कुठलं वर्णन बदललं, जुनं वाक्य, नवं वाक्य, पाचही बरोबर आलेले प्रश्न किती, आणि कुठल्या संभाषणामुळे हा बदल केला. मॉडेलची नवी आवृत्ती आली की एक अक्षरही न बदलता सगळी फेरी पुन्हा चालवा. जुन्या मॉडेलसाठी लिहिलेलं एखादं वाक्य नव्याला नको असतं, आणि जे जुनं मॉडेल आपोआप समजून घ्यायचं ते नव्याला सांगावं लागतं. दर हंगामाच्या तोंडालाही एक फेरी करा. हमीभाव बदलतो, पिकं बदलतात, जूनमध्ये बियाण्याचे आणि ऑक्टोबरमध्ये मळणीचे प्रश्न येतात.

वहीच्या पहिल्या पानावर मी वाशीचा तो प्रश्न त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवला आहे. दर फेरीला तोच पहिला चालवते. एजंट आता उलट विचारतो, "वाशी म्हणजे धाराशिव जिल्ह्यातली का नवी मुंबईतली?" गेल्या फेरीत वीसपैकी वीस वेळा विचारलं.